कबुलीची वाट न पाहता

मार्चअखेर रत्नागिरीच्या आसपास आंब्याची तोडणी सुरू झाली की पहाटे तीनला उठणाऱ्या माणसाकडे कोणी वळून पाहत नाही. दिवसभर बागेत, संध्याकाळी पेट्या भरायच्या, रात्री गाडी वाशीला रवाना करायची आणि मधल्या वेळात फोनवर दलालाशी भावावरून हुज्जत घालायची. अशा दिवसांत एखाद्याची झोप तीन तासांवर आली, बोलणं तिप्पट झालं, त्याने शेजारच्या दोन बागा करारावर उचलल्या आणि नवा टेम्पो बुक केला, तरी गाव म्हणतं, काय धडाडी आहे! मग मिरग लागतो. आंबा संपलेला, पाऊस धो धो, आणि तोच माणूस पडवीत भिंतीकडे तोंड करून पडलेला. दाढी वाढलेली, ताटातला भात तसाच, बँकेचा फोन वाजून वाजून बंद. गाव म्हणतं, हंगामात दमला बिचारा. हा बागायतदार मी रचलेला आहे. पण अशा घरातल्या बायकोला गावापेक्षा एक गोष्ट जास्त ठाऊक असते: गेल्या वर्षीही असंच झालं होतं, आणि त्याच्या आदल्या वर्षीही.

ती बोलून दाखवते तेव्हा उत्तर येतं, "मला काय धाड भरलीय?" सासू, दीर, कधी कधी घरचे डॉक्टरसुद्धा त्याच्याच बाजूने मान हलवतात. अशा घरात काय चाललेलं असतं आणि कुठून सुरुवात करता येते, ते इथे क्रमाने पाहायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. "मला आजार आहे" हे वाक्य जोडीदाराच्या तोंडून वदवून घेण्यात अनेक घरांची वर्षं वाया जातात. उपचार त्या वाक्याशिवायही सुरू होऊ शकतात. झोप नीट लागायला हवी, एवढ्यावर दोघांचं जमलं तरी पहिल्या भेटीपुरतं ते भरपूर झालं.

आधी आजार कसा चालतो ते पाहू. मनःस्थितीच्या विकारांत एका बाजूला निव्वळ नैराश्य येतं आणि दुसऱ्या बाजूला बायपोलर, म्हणजे नैराश्य आणि उन्माद यांच्या आळीपाळीने येणाऱ्या पाळ्या. दोन दिवस मूड गेला म्हणून कोणी आजारी ठरत नाही. नैराश्याचं निदान करायला लक्षणं निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ असावी लागतात. उन्मादासाठी साधारण आठवडा धरतात, आणि दाखल करण्याइतका तो तीव्र असेल तर तेवढीही वाट पाहत नाहीत. सौम्य उन्मादाला चार दिवस पुरतात. हा सौम्य उन्मादच सगळ्यांना फसवतो, कारण त्यात माणूस कोसळत नाही, उलट तरतरीत दिसतो. झोप कमी होते तरी थकवा नसतो. कल्पना एकीवर एक येतात, पैसा सुटतो, शब्दाला शब्द लागला की भडका उडतो.

दोन्ही टोकं सारखी वाटून येतात, असं मात्र नाही. अमेरिकेत बायपोलरच्या रुग्णांचा सुमारे तेरा वर्षं पाठपुरावा करणारा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र प्रकारच्या रुग्णांचे जवळपास एक तृतीयांश आठवडे नैराश्याच्या लक्षणांत गेले होते, आणि उन्मादाचे आठवडे शंभरात नऊच्या आसपास होते. संसारात याचा अर्थ सरळ आहे. आजारपणाचा बहुतेक काळ जोडीदार एका विझलेल्या माणसाबरोबर राहतो आणि डॉक्टरांकडे जाणं झालंच तर त्या विझलेल्या काळातच होतं. डॉक्टरांसमोर बसलेला माणूस खिन्न असतो, खिन्नताच सांगतो. त्याला नैराश्याची गोळी मिळते. पण बायपोलर असताना केवळ नैराश्यावरची गोळी दिली तर काही जणांत उन्माद उसळतो. एप्रिलमधला तो नवा टेम्पो आणि त्या तीन तासांच्या रात्री डॉक्टरांना सांगू शकेल अशी एकच व्यक्ती असते. ती बहुतेकदा दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसवलेली असते.

पहिल्या लक्षणांपासून योग्य उपचारांपर्यंत सरासरी सहाएक वर्षं जातात, असं जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलं आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या सुमारे ७० टक्के आणि नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचं आढळलं. सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण इथलं चित्र फार निराळं असेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही. उपचार न घेणारा जोडीदार हा अपवाद नाही, तोच नियम आहे.

आता तो मान्य का करत नाही? याला घरात एकच नाव दिलं जातं, हट्ट. प्रत्यक्षात तीन-चार वेगळ्या गोष्टी एकात एक अडकलेल्या असतात. उन्मादात माणसाला आयुष्यात कधी नव्हतं इतकं बरं वाटत असतं. ज्याला बरं वाटतंय त्याला औषध घे म्हणणारा शत्रूच वाटणार. नैराश्यात उलट घडतं. तिथे "मी आजारी आहे" असं वाटत नाही, "मी नालायक आहे" असं वाटतं, आणि नालायकीवर डॉक्टर काय करणार? तिसरी गोष्ट मेंदूची. जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच न्यूरॉलॉजिस्टने १९१४ मध्ये पक्षाघाताच्या अशा रुग्णांचं वर्णन केलं, ज्यांना आपली एक बाजू लुळी पडली आहे याची जाणीवच नव्हती. पुढे मनोविकारांतही असंच काही घडतं, असं तज्ज्ञ मांडू लागले. बायपोलरमध्ये ही जाण पाळीनुसार कमी-जास्त होते. ऐन उन्मादात ती सर्वांत कमी असते आणि मन ताळ्यावर आलं की बरीचशी परतते. महत्त्वाचं बोलणं कोणत्या आठवड्यात काढायचं, याचं उत्तर यातच आहे. भडका उडालेला असताना दिलेलं व्याख्यान पालथ्या घड्यावर पाणी.

चौथी गोष्ट लाज, आणि ती रत्नागिरीत जरा जास्तच ठळक आहे. कारण इथे वेड्यांचं इस्पितळ गावातच आहे, १८८६ पासून. राज्यात अशी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांत हे सर्वांत लहान, ३६५ खाटांचं. सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडचे लोकही इथे येतात. पण पिढ्यान्‌पिढ्या त्याचा उपयोग थट्टेतल्या धमकीसाठी झाला, त्यामुळे त्या फाटकातून आत जाताना कोणी ओळखीचं दिसेल या धास्तीने घाट चढून कोल्हापूर गाठणारी माणसंही असतात. बाह्यरुग्ण विभागात तपासून घेणं आणि दाखल होणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तपासून घ्यायला गेलेला माणूस गोळ्या घेऊन दुपारी घरी येतो. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण "तिथे नेलं की ठेवून घेतात" ही भीती अजून पक्की आहे.

लग्नाच्या संदर्भात आणखी एक गुंता फार क्रूर आहे. बायपोलर बहुधा विशीच्या आगेमागे डोकं वर काढतो. आपल्याकडे लग्नं होतात तीही त्याच वयात. त्यामुळे पहिली ठळक पाळी लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत दिसण्याची शक्यता बरीच, आणि मग निष्कर्ष ठरलेला: सून आल्यापासून मुलगा बिघडला. कॉलेजात असताना तो महिनाभर खोलीबाहेर आला नव्हता, हे सासूच्या लक्षात असतं, पण ते बोललं जात नाही. आजारी बायको असेल तर दोष देण्याची वाट आणखी सोपी. बायपोलर असलेल्या स्त्रीला बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तीव्र पाळी येण्याचा धोका एरवीपेक्षा पुष्कळ जास्त असतो. त्या वेळी ती माहेरी असते आणि नवरा मुंबईत, बोटीवर किंवा आखातात. तो परत येतो तोवर "बाळंतपणात काहीतरी झालं होतं, आता बरी आहे" एवढंच त्याच्या कानी येतं. दुसऱ्या बाळंतपणाला तेच पुन्हा घडतं. अशा नवऱ्याने माहेरच्यांना शांतपणे विचारून तेव्हा नेमकं काय झालं, किती दिवस झोप नव्हती, कोणते उपचार झाले, हे लिहून घ्यावं. पुढच्या गरोदरपणाआधी डॉक्टरांना ती माहिती लागते.

आणि बाहेरची बाधा. गाऱ्हाणं घालणं, कौल लावणं, भगताकडे जाणं हे कोकणात दवाखान्याच्या आधीही होतं आणि नंतरही. घरातल्या वडीलधाऱ्यांशी यावर लढाई करण्यात माझ्या मते अर्थ नाही. नारळ ठेवा, आणि गोळीही घ्या. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात दुआ मागायला आलेल्यांना तिथेच मनोविकारतज्ज्ञाची दवा देण्याचा उपक्रम चालवला गेला आहे. दोन्ही एकत्र नांदू शकतात. सीमारेषा मात्र स्पष्ट आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण करणं, चटके देणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हे आहेत.

आता करायचं काय. पहिलं साधन म्हणजे एक वही. तिच्यात रोज चार-पाच गोष्टी लिहायच्या: कितीला झोपले, कितीला उठले, किती खर्च केला, दारू घेतली का, जेवण कसं होतं. विशेषणं लिहायची नाहीत. "वेड्यासारखं वागले" याचा डॉक्टरांना उपयोग नसतो. "मंगळवारी अडीचला उठले, पहाटे पाच जणांना फोन केले, दुपारी चाळीस हजारांचा पंप आणला" याचा असतो. दोन महिन्यांच्या नोंदी असल्या तरी पाळीचं रूप दिसू लागतं. दारूचा रकाना विशेष महत्त्वाचा. "दारूमुळे असं होतं" हे घरचं आवडतं निदान असतं, पण वहीत बरेचदा उलटा क्रम दिसतो, म्हणजे आधी झोप उडते आणि मग बाटली येते. वही पाहून आपल्याला आपलंही काही कळतं. कोणत्या संध्याकाळी भांडण पेटलं, आपण काय बोललो होतो, हेही त्या पानांवर उमटलेलं असतं.

झोपेचा रकाना सर्वांत मोठा ठेवा. कमी झोप हे उन्मादाचं लक्षण तर आहेच, पण बायपोलर असलेल्या माणसात सलग जागरण पाळी सुरूही करून देऊ शकतं. आता आपलं वर्ष डोळ्यांसमोर आणा. शिमग्यात पालखीबरोबर रात्र रात्र फिरणं, नमन-खेळे, मग लगेच आंब्याचा हंगाम, गणपतीत भजनाच्या बाऱ्या आणि जाखडी. जागरण इथे पुण्याचं काम आहे. अनेक देशांच्या नोंदींत उन्मादाचे रुग्ण वसंत-उन्हाळ्यात वाढताना दिसतात आणि कोकणात नेमका तोच काळ कमी झोपेचा. पालखीला जाऊ नका असं सांगून कोणी ऐकणार नाही, ऐकावं असंही नाही. दोन रात्री लागोपाठ जागायचं नाही, एवढी अट मात्र बहुतेक माणसं मान्य करतात.

दुसरं साधन बोलणं. झेवियर अमाडोर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या भावाला स्किझोफ्रेनिया होता आणि त्याला आजार पटवून देण्याच्या भांडणांत त्यांची वर्षं गेली. त्यातून त्यांनी जी रीत मांडली तिचा गाभा सोपा आहे: आधी ऐका, त्याच्या भावनेशी समरस व्हा, जिथे दोघांचं जमतं ती गोष्ट शोधा आणि तिच्यावर मिळून काम करा. आजाराचं नाव बाजूला ठेवा.

घरात ते साधारण असं उतरतं. "अहो, तुम्हाला बायपोलर आहे, मी वाचलंय," असं म्हटलं की दार बंद. त्याऐवजी, "अहो, गेले आठ दिवस तुमची झोप झालेली नाही. मलाही लागत नाही तुमच्या येरझाऱ्यांनी. तुम्हाला कसं वाटतंय?" मग तो म्हणेल, "डोकं थांबतच नाही." इथे उपदेश करायचा नाही. "किती त्रास होत असेल," म्हणायचं आणि थांबायचं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी, "एकदा थायरॉईड तपासून घेऊ या का?" ही पळवाट नाही. थायरॉईड कमी झालं तर नैराश्यासारखं दिसतं, वाढलं तर उन्मादासारखं, आणि कुठलाही शहाणा मनोविकारतज्ज्ञ ती तपासणी मागतोच. रक्त, साखर, रक्तदाब या वाटेने माणूस घरच्या डॉक्टरांपर्यंत येतो. त्या डॉक्टरांना आपण वहीची दोन पानं आधी दाखवलेली असली तर ते पुढची चिठ्ठी लिहितात.

आणखी एक चलाखी अनेक घरांत चालते, चहातून किंवा आमटीतून गोळी देण्याची. जिथे कुठे हे ऐकलं तिथे देणाऱ्याचा नाइलाज समजला, तरीही मी ठामपणे नको म्हणेन. न सांगता दिलेलं औषध किती पोटात गेलं ते कळत नाही, रक्ततपासणी करता येत नाही, आणि ज्या दिवशी उघड होईल त्या दिवसापासून तो घरातलं अन्नही संशयाने पाहील. कायदाही रुग्णाच्या जाणत्या संमतीवर उभा आहे.

कायद्याबद्दल दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक, बायकोने अर्ज दिला की नवऱ्याला उचलून नेतात. दुसरा, तो नाही म्हणाला तर कोणी काहीच करू शकत नाही. १९१२ चा ल्युनसी ॲक्ट आणि १९८७ चा कायदा मागे पडून २९ मे २०१८ पासून मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लागू झाला. त्यात माणूस स्वतःहून दाखल होतो हा नियम आहे. कलम ८९ हा अपवाद. त्याने अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी दिली किंवा तसा प्रयत्न केला, दुसऱ्याशी हिंसक वागला, किंवा स्वतःची काळजी घेण्याची क्षमता धोकादायक इतकी गेली, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, एक मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासून, त्याला जास्तीत जास्त तीस दिवस दाखल करता येतं. रुग्णाने लेखी कोणाचं नाव दिलं नसेल तर प्रतिनिधी म्हणून नातेवाइकाचा क्रम लागतो, आणि त्यात पती-पत्नी आलेच. कलम ९४ खाली तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर कमाल ७२ तासांसाठी उपचार सुरू करू शकतो. जीव वाचवणं आणि गंभीर इजा टाळणं यांबरोबर, आजारामुळे होणारं मालमत्तेचं मोठं नुकसान थांबवणंही त्यात मोडतं.

याच कायद्यातली एक तरतूद जोडप्यांच्या फार कामाची आहे आणि जवळजवळ कोणी वापरत नाही. कलम ५ नुसार माणूस बरा असताना पुढच्या आजारपणासाठी लेखी निर्देश देऊन ठेवू शकतो: कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि माझ्या वतीने निर्णय कोणी घ्यावा. ऑगस्टमध्ये मन स्थिर असताना दोघांनी बसून लिहिलेला असा कागद पुढच्या एप्रिलमधल्या झोंबाझोंबीपेक्षा कितीतरी सभ्य.

पैशाकडे येऊ, कारण घर बुडतं ते बहुधा इथे. आंब्याच्या धंद्यात दलालाकडून हंगामापूर्वी उचल घेण्याची पद्धत आहे. उन्मादातला माणूस एका फोनवर पुढच्या हंगामाची उचल घेऊन ती तिसऱ्याच गोष्टीत घालू शकतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२ प्रमाणे अधूनमधून मनोवस्था बिघडणाऱ्या माणसाने त्या बिघडलेल्या काळात केलेला करार ग्राह्य नसतो. पण सही करताना तो तशा अवस्थेत होता हे सिद्ध करायचं म्हणजे कोर्टाच्या पायऱ्या. त्यापेक्षा आधीची तटबंदी बरी. मोठी शिल्लक दोघांच्या सह्यांशिवाय निघणार नाही अशा संयुक्त खात्यात ठेवावी. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची रोजची मर्यादा बँकेत सांगून कमी करावी. आपल्याकडे सातबाऱ्यावर दहा-दहा नावं असतात याला सगळे वैतागतात, पण अशा घरात तो गोंधळच एक ब्रेक ठरतो. घाईघाईने कोणाला मुखत्यारपत्र दिलं जात नाही ना, एवढं पाहावं. हे सगळं त्याच्या पाठीमागे करू नये. बऱ्या काळात, "मागच्या वेळी तीन लाख गेले, तुम्हालाच नंतर वाईट वाटलं," असं म्हणून त्याच्याकडूनच करून घ्यावं.

एक गोष्ट मात्र संमतीची वाट न पाहता आज करावी. बागेच्या घरात फवारणीची औषधं असतात, बहुधा पडवीच्या कोपऱ्यात, उघडी. ती कुलपात जावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी. आत्महत्येचा विचार अनेकदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळी विष हाताशी नसणं याने खरोखर जीव वाचतात. विचारायला घाबरू नये. "जीव नकोसा होतो का हो?" असं सरळ विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. १०८ ची रुग्णवाहिका आहे, ११२ आहे. आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून पोलीस केस होईल या भीतीने रुग्णालय टाळणारी घरं अजून आहेत. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं गृहीत धरून शिक्षेपासून दूर ठेवलं आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही.

आजार आणि मारहाण यांची गल्लत करू नये. तो हात उगारतो ते आजारामुळे की स्वभावामुळे, हे ठरवणं त्या क्षणी तिचं काम नाही. मुलांना घेऊन बाहेर पडणं हे आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा आजारी नवऱ्यालाही लागू आहे, आणि महिला हेल्पलाइन १८१ आहे.

समजा, तो तज्ज्ञाकडे आला. मग काय? बायपोलरवरचं सर्वांत जुनं खात्रीचं औषध लिथियम. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये त्याचा उन्मादावरचा परिणाम प्रसिद्ध केला. हे औषध स्वस्त आहे, पण त्याची उपयोगाची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं असतं. म्हणून रक्तातलं प्रमाण, साधारण लिटरमागे ०.६ ते १ मिलिमोल, वरचेवर तपासावं लागतं, आणि मूत्रपिंड व थायरॉईडवरही लक्ष ठेवावं लागतं. इथल्या उन्हाळ्यासाठी एक सूचना: मे महिन्यात बागेत घामाच्या धारा लागल्या, पाणी कमी पडलं, जुलाब झाले किंवा मीठ एकदम तोडलं, तर लिथियम रक्तात साचतं. रोजा किंवा कडक उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनीही तेच होतं. हात जोरात थरथरणं, उलट्या, तोल जाणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. व्हॅल्प्रोएट हे दुसरं प्रचलित औषध गर्भाला घातक ठरू शकतं, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीसाठी हा प्रश्न आपणहून काढावा.

गोळ्या सुरू झाल्या की सहा महिन्यांनी एक दिवस येतोच: "आता बरा आहे, कशाला घेऊ?" त्यात थोडी तक्रार खरी असते. वजन वाढलेलं असतं, तोंडाला कोरड असते, आणि ती जुनी चढती लाट नसल्याने आयुष्य सपक वाटतं. ही तक्रार बायकोने उडवून लावली की गोळ्या गुपचूप बंद होतात. डॉक्टरांसमोर तिनेच ती मांडली, तर मात्रा किंवा औषध बदलतं आणि उपचार चालू राहतात.

घरातल्या बोलण्याचाही आजारावर परिणाम होतो. १९८९ मध्ये हुली आणि टीसडेल यांनी नैराश्यातून बऱ्या झालेल्या विवाहितांना एक साधा प्रश्न विचारला होता: तुमचा जोडीदार तुमच्यावर किती टीका करतो? आजार कोणाला पुन्हा उलटेल याचा सर्वांत चांगला अंदाज त्या एका उत्तरातून आला. हे वाचून आधीच पिचलेल्या जोडीदाराने स्वतःवर आणखी एक ओझं घेऊ नये. आजार टीकेने जडत नाही. पण "पुन्हा सुरू झालं तुमचं" हे वाक्य गिळता आलं तर त्याचा मोबदला मिळतो, इतकंच. आणि ते गिळायला बळ लागतं, म्हणून तिला स्वतःची माणसं हवीत.

डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. आजार वेगळा, पण जोडीदाराची दमणूक तीच. त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली, जिथे सांभाळणारी माणसं एकमेकांशी बोलू लागली. कोकणाच्या पार्श्वभूमीवरचा 'देवराई' हा २००४ चा चित्रपटही त्यांच्याच पाठबळाने झाला. प्रत्येकाला संस्था काढता येत नाही. पण एक बहीण, एक शेजारीण, एवढ्यांना खरं काय ते माहीत असावं. मुलांनाही वयाप्रमाणे सांगावं. "बाबांचा मूड आजारी पडतो, तुमच्यामुळे नाही" हे सात वर्षांच्या मुलाला कळतं. लपवलं तर ते स्वतःलाच दोष देतं.

आणि तो कधीच आला नाही तर? असंही होतं. वेगळं होण्याचा पर्याय कायद्यात आहे. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे, पण केवळ निदान पुरत नाही. सोबत राहणं वाजवीपणे अपेक्षित धरता येणार नाही इतकी आजाराची तीव्रता दाखवावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या राम नारायण गुप्ता प्रकरणात म्हटलं आहे. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात पती दोन वर्षं वेडसर असेल तर पत्नीला तसा हक्क आहे. जी जाते तिला गावाने स्वार्थी म्हणू नये, आणि जी राहते तिला सती-सावित्री. राहायचं ठरलं तर तिच्या नावावर तिचं उत्पन्न आणि मुलांच्या फीपुरते पैसे वेगळे असावेत. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तिथे फोन रुग्णानेच करायला हवा अशी अट नाही. नवरा यायला तयार नसला तरी ती एकटी मनोविकारतज्ज्ञाची वेळ घेऊ शकते, वही पुढे ठेवू शकते आणि पुढच्या पाळीत काय करायचं ते विचारून येऊ शकते.